डीपीएफ बदलण्याआधी तो का भरतोय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा : नाशिकच्या एका दंतवैद्य बाईंकडे २०२१ ची डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, मॅन्युअल गिअरची, ३८ हजार किलोमीटर चाललेली. घर इंदिरानगरला, दवाखाना कॉलेज रोडला, रोजचं येणं-जाणं १२-१३ किलोमीटर. तीन महिन्यांत तीनदा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने दोनदा 'फोर्स्ड रिजन' करून दिलं, म्हणजे स्कॅनर लावून आतली काजळी मुद्दाम जाळली. पहिल्यानंतर ६०० किलोमीटरवर आणि दुसऱ्यानंतर ३५० किलोमीटरवर दिवा परत आला. आता तिथून ९२ हजारांचं नव्या डीपीएफचं कोटेशन हातात आलंय. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, "मॅडम, १८ हजारांत काढूनच टाकतो, मॅप मारून देतो, कायमची कटकट मिटेल." (मॅप मारणं म्हणजे डीपीएफ नसल्याचं इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळू नये म्हणून त्याचं प्रोग्रामिंग बदलणं.) त्या विचारतात : बदलू, काढू की धुऊन घेऊ?

डॉक्टर, तूर्त तिन्हीपैकी काहीच करू नका.

मी अंबडला २४ वर्षं डिझेलचं काम करतोय. सुरुवात पंप आणि नोझलपासून झाली, आता निम्मा दिवस लॅपटॉप आणि स्कॅनरसमोर जातो. बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, 'डीपीएफ जाम' म्हणून जेवढ्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या फार थोड्यांचा डीपीएफ खरोखर गेलेला होता. बाकीच्यांत तो बिचारा आपलं काम करत होता आणि शिव्या खात होता.

आधी तो आहे काय, ते सांगतो. म्हणजे पुढचं कळेल. सायलेन्सरच्या लाइनवर, बहुतेक गाड्यांत इंजिनाला अगदी चिकटून, सिरॅमिकची एक वीट बसवलेली असते. तिच्यात मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या. गंमत अशी की शेजारशेजारच्या दोन नळ्यांपैकी एकीचं तोंड पुढून बंद, दुसरीचं मागून. धूर ज्या नळीत शिरतो तिथून त्याला सरळ बाहेर पडता येत नाही, भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जावं लागतं. वायू झिरपतो, काजळी भिंतीवर राहते. बीएस-४ च्या डिझेल कारला किलोमीटरला २५ मिलिग्रॅम काजळी सोडायची मुभा होती, बीएस-६ ला ती साडेचार मिलिग्रॅम आहे. ही वीट नसती तर ते जमलं नसतं. कसाऱ्याच्या घाटात जुन्या डिझेल गाडीमागे काच खाली करून चाललेल्यांना फरक सांगायला नको.

आता ही साठलेली काजळी जाते कुठे? ती जागेवरच जाळली जाते, त्याचंच नाव रिजनरेशन. हायवेला गाडी ताणून चालली की धूरच इतका गरम असतो की थोडी थोडी काजळी आपोआप जळत राहते. ते पुरलं नाही तर इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतः काम हाती घेतो. पॉवर स्ट्रोक झाल्यावर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल फवारतो, ते पुढे कॅटॅलिस्टवर (जळायला मदत करणाऱ्या लेपावर) जळतं आणि डीपीएफचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. दहा ते वीस मिनिटांत काम होतं. शहरात फिरणाऱ्या चांगल्या गाडीत हे दर दोन-चारशे किलोमीटरला होत असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. नीट लक्ष दिलं तर कळतं : आयडलिंग शंभर-दोनशेने चढलेलं असतं, सिग्नलला स्टार्ट-स्टॉप चालत नाही, मीटरवरचं अ‍ॅव्हरेज एकदम कोसळतं, आणि चावी काढल्यावरही पंखा भणाणत राहतो. यातलं काही दिसलं तर गाडी बंद करू नका, आणखी दहा मिनिटं कुठेतरी फिरवून आणा. आणि अशा वेळी वाळल्या गवतावर तर अजिबात लावू नका. खालचा पाइप केवढा तापलेला असतो याची लोकांना कल्पना नसते.

काजळी जळते, राख जळत नाही. हा फरक कोटेशन देणारे सांगत नाहीत. इंजिन ऑइलमधले जस्त, कॅल्शियम असले धातू जळून जी राख होते, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. तिने तो भरायला साधारण दीड-दोन लाख किलोमीटर लागतात, तेही ऑइल योग्य ग्रेडचं असेल तर. तुमची गाडी ३८ हजारांवर आहे. तुमच्या डीपीएफमध्ये भरलीय ती काजळी, आणि काजळीसाठी ९२ हजारांची वीट बदलणं म्हणजे चूल धुरावतेय म्हणून धुराडं पाडण्यासारखं आहे. लाकडं ओली आहेत का, ते कुणी बघायचं? नवा बसवलात तरी तीन महिन्यांनी तोही इथेच येईल.

मग तो भरतोय का? तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, तुम्ही सहज लिहून गेलात. मुलगी पुण्याला शिकत होती तोवर तुम्ही दर पंधरवड्याला पुण्याला जायचात. तिचं शिक्षण संपलं आणि जूनपासून ते बंद झालं. दिवा लागायला सुरुवात कधी झाली? त्यानंतरच. तीन-साडेतीन वर्षं नाशिक-पुणे रस्ता तुमचा डीपीएफ फुकटात साफ करत होता. आता सकाळी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी रांगेत पंधरा मिनिटं, मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कॉलेज रोड. इंजिन पुरतं गरम होतं न होतं तोच तुम्ही चावी काढता. कॉम्प्युटर रिजन सुरू करतो, तुम्ही दवाखान्यात शिरता. संध्याकाळी पुन्हा सुरू करतो, तुम्ही घरी पोचता. असे बरेच प्रयत्न वाया गेल्यावर तो शेवटी दिवा लावतो. तो दिवा बिघाडाचा नसतो. मला वीस मिनिटं द्या, एवढंच तो म्हणत असतो. तेव्हाच दिली तर प्रकरण तिथेच संपतं. त्याकडे काणाडोळा करून गाडी तशीच शहरात चालवत राहिलं की मग इंजिनाचा दिवा लागतो, पिकअप जातो, गाडी लिम्प मोडमध्ये जाते (इंजिन स्वतःला जपायला ताकद कमी करतं) आणि चालत्या गाडीत रिजन व्हायचं बंद होतं. तिथून पुढे स्कॅनरशिवाय इलाज नाही.

पण नुसत्या वापरावर मी थांबणार नाही. ६०० किलोमीटरवर दिवा आला होता तो पुढच्या वेळी ३५० वर आला. पूर्ण रिजननंतर विटेत काजळी जवळपास शून्य असते. तिथून साडेतीनशे किलोमीटरमध्ये दिव्यापर्यंत भरणं हे जरा जलद आहे. म्हणजे एकतर दुसरं रिजन अर्धवट झालं, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त काजळी करतंय, किंवा रिजनला कुणीतरी आडकाठी करतंय. हे तिन्ही तपासता येतं, आणि तपासायला दोन-अडीच तासांपेक्षा जास्त लागत नाहीत.

सगळ्यात आधी डिपस्टिक ओढा. हे तुम्ही घरीच करू शकता. सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना. ऑइल 'मॅक्स'च्या खुणेच्या वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल, तर अर्धवट रिजनचं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरलंय. असं पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंगला मारक असतं. फारच चढलं तर इंजिन तेच ऑइल ओढून पेटू शकतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही. म्हणून ऑइल चढलेलं असताना कुणालाही फोर्स्ड रिजन करू देऊ नका; आधी ऑइल बदला, मग रिजन. तुमच्या गाडीवर तीन महिन्यांत दोनदा झालंय, तेव्हा पातळी ठीक दिसली तरी मी ऑइल बदलेनच. ते लो-सॅप्स, म्हणजे कमी राखेचं असायला हवं. डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं काहीतरी असतं, नेमकं कुठलं ते तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. ट्रकसाठीचं स्वस्त ऑइल टाकून चारशे रुपये वाचवणारे महाभाग मला भेटलेत.

मग स्कॅनर. कोड म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक; इथे 'कोड काढला, कोड उडवला' एवढ्यावर समाधान मानू नका. पी२४६३ असेल तर काजळी जास्त. पी२४५२ ते पी२४५५ यांतला असेल तर बोट दाबाच्या सेन्सरकडे. पी२००२ म्हणजे डीपीएफची कार्यक्षमता कमी, आणि हा कोड दिसला की वीट बदलायला सांगायचा मोह सगळ्यांना होतो. त्यावरून एक किस्सा.

गेल्या पावसाळ्यात सातपूरहून एक गाडी आली. एका सर्व्हिस सेंटरने पी२००२ बघून 'डीपीएफ निकामी' असं लिहून दिलं होतं. मी आधी पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवला. रुमाल जवळपास स्वच्छ. वीट फुटलेली असती तर काळा झाला असता. एकदा काजळी पलीकडे जायला लागली की ती लपत नाही. मग डीपीएफच्या पुढचा आणि मागचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग लाइव्ह लावलं. आयडलला शून्य, तीन हजार आरपीएमलाही जवळपास शून्य. शक्यच नाही. वाकून बघितलं तर पुढच्या बाजूची रबरी नळी उंदराने कुरतडलेली. दाब नळीतून बाहेर, सेन्सरपर्यंत पोचतच नाही. कॉम्प्युटरला वाटलं, आत फिल्टरच नाही. त्याने कोड टाकला, आणि कोड उभा असेपर्यंत रिजन बंद. काजळी साठत गेली ती त्यामुळे. काही शे रुपयांची नळी, एक रिजन, गाडी घरी. ते गृहस्थ मला पेढे घेऊन आले होते, मी उंदराला द्या म्हटलं.

म्हणून तुमच्याही गाडीचं हे रीडिंग बघायला सांगा. चावी ऑन, इंजिन बंद असताना दाबाचा फरक शून्य दाखवायलाच हवा. नसेल तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन चालू केल्यावर आरपीएमबरोबर आकडा चढायला हवा आणि सोडल्यावर उतरायला हवा. रिजन झाल्यावर तो आधीपेक्षा ठळकपणे कमी दिसला तर वीट शाबूत आहे. आधी आणि नंतर, दोन्हीचे फोटो मागा. देत नसतील तर रिजन पुरतं झालं की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसरा माझा आवडता संशयित म्हणजे थर्मोस्टॅट. तो उघडाच अडकला की कूलंट कायम रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचत नाही. मालकाला वाटतं, गाडी मस्त थंड चालतेय! पण इंजिन ठरावीक तापमानाला आल्याशिवाय कॉम्प्युटर रिजनला परवानगीच देत नाही. नाशिकच्या थंडीत तर विचारूच नका. अर्धा तास चालवल्यावर स्कॅनरवर कूलंट ७०-७५ च्या पुढे जात नसेल तर आधी तो बदला, खर्च मामुली आहे. बाकी नेहमीची मंडळी : चिकटलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इंटरकूलरच्या नळीला चीर, कोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, ऑइल ओढणारा टर्बो. यांतल्या कशानेही काजळी दुपटीने व्हायला लागते. इंजेक्टरचं लीक-ऑफ आणि करेक्शन (किती डिझेल परत जातं आणि कॉम्प्युटर किती कमी-जास्त करतो) बघणारा माणूस असेल तर त्याच्याकडेच जा. नुसता पार्ट बदलणारा नको.

एक साधी गोष्ट जाता जाता. टाकीत डिझेल कमी असलं, रिझर्व्हचा दिवा लागलेला असला, तरी बऱ्याच गाड्या रिजन सुरू करत नाहीत. 'पाचशेचं टाक' सवयीच्या लोकांना हे नडतं.

आता रस्त्यावरचं रिजन कसं करायचं. टाकीत किमान पाव डिझेल हवं. इंदिरानगरहून द्वारकेला या, उड्डाणपूल धरा आणि ओझरकडे निघा. गाडी ६०-८० च्या वेगाला, पण पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये नाही, चौथ्यात. सुई दोन-अडीच हजारांच्या दरम्यान राहू द्या. उद्देश वेग नाही, उद्देश आहे गरम धुराचा सलग प्रवाह. वीस-पंचवीस मिनिटं शक्यतो न थांबता. ओझरच्या पुढून वळा आणि तसेच परत या. पिंपळगावपर्यंत गेलात तर टोमॅटो-कांदे स्वस्तात मिळतील, डिझेलचा खर्च निघतो. दिवा बहुतेक वेळा वाटेतच विझतो. विझला नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका, स्कॅनर लावा. लाल दिवा किंवा इंजिनाचा दिवा सोबत असेल तर हा उपाय करूच नका. काजळी फार साठलेली असताना ती एकदम पेटली तर आतली वीट वितळते किंवा तडकते, आणि मग ९२ हजारांचं कोटेशन खरं होतं.

पुढे महिन्यातून दोन रविवार एवढं केलंत तर पुण्याची उणीव भरून निघेल. आणि एक सवय सोडा. अ‍ॅव्हरेजसाठी चाळीसच्या स्पीडला पाचवा गिअर टाकून कुंथत चालवायची आपल्याकडे फार हौस आहे. वडिलांच्या जुन्या डिझेल गाडीला ते चालत होतं. या इंजिनाला नाही. थंड आणि दबलेलं इंजिन जास्त काजळी करतं. क्लासबाहेर एसी लावून अर्धा तास गाडी चालू ठेवणं तर त्याहून वाईट : धूर पूर्ण, उष्णता शून्य.

धुण्याबद्दल. गाडीवरून उतरवून भट्टीत तापवून, उलट्या बाजूने हवा मारून डीपीएफ साफ करणारे लोक आहेत, आणि नीट केलं तर ते काम चांगलं होतं. पण ते राखेसाठी, लाखाच्या पुढच्या गाडीला. किंवा काजळी इतकी झालीय की कॉम्प्युटर फोर्स्ड रिजनही नाकारतोय, तेव्हा. तुमच्याकडे रिजन होतंय, म्हणजे तुम्ही तिथवर पोचलेल्या नाहीत. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने डीपीएफ धुणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. आतला कॅटॅलिस्टचा लेप उडाला की वीट दिसायला स्वच्छ आणि कामाला शून्य. डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्या थोडी मदत करतात, नाही असं नाही, पण दुखणं त्यांनी बरं होत नाही. आणि डीईएफ वेगळं, डीपीएफ वेगळं : पंपावर मिळणारं ते युरियाचं पाणी, तुमच्या गाडीला त्याची टाकी असली तर, नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी आहे, काजळीशी त्याचा संबंध नाही. ते चुकून डिझेलच्या टाकीत ओतून गाडी टो करत आणलेले दोघे मला माहीत आहेत. हायवेला ड्रममधून 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात विकलं जाणारं जे काही असतं, तेही टाकू नका. पंपावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भाग असतं. ड्रममध्ये काय असतं ते ड्रमवाल्यालाच ठाऊक.

राहिला तुमचा ओळखीचा गॅरेजवाला. हे काम माझ्याकडेही आठवड्याला एखादा जण मागतो, मी करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही आहे. दंड मालकाला, मॅप मारणाऱ्याला तुम्ही नंतर फोन केलात तर तो उचलेलच असं नाही. वॉरंटी गेलीच. गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक तोच रुमाल सायलेन्सरमध्ये फिरवेल. शिवाय गळका इंजेक्टर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट तसाच आत राहतो, फक्त तक्रार करणारं तोंड बंद होतं. दातातली कळ थांबावी म्हणून नस मारून कीड तशीच ठेवणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल, ते मी त्या गॅरेजवाल्याला म्हणेन.

तर उद्या सकाळी डिपस्टिक बघा. मग सर्व्हिस सेंटरला एक लेखी मेल टाका : डीपीएफ बदलायला कोणत्या रीडिंगवरून सांगितलं, काजळी किती ग्रॅम दाखवते, राख किती दाखवते, दाबाचा फरक आयडलला आणि तीन हजारांना किती, कूलंटचं तापमान किती, शेवटची पाच रिजन किती किलोमीटरवर झाली आणि त्यांतली पूर्ण किती. बहुतेक गाड्यांत हे सगळं कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं असतं, कंपनीच्या स्कॅनरवर दहा मिनिटांत निघतं. सोबत वॉरंटी पुस्तिकेत एमिशनच्या भागांबद्दल काय लिहिलंय तेही वाचून ठेवा. 'वापरामुळे जाम' म्हणून ते क्लेम नाकारायला बघतील, पण थर्मोस्टॅट किंवा सेन्सर दोषी निघाला तर तो मुद्दा टिकत नाही. उत्तर आलं की आकडे इथेच लिहा. राखेचा आकडा कमी आणि कूलंट ८५ च्या वर असेल तर तुमचा खर्च ऑइल, फिल्टर आणि ओझरच्या फेरीत भागेल असा माझा अंदाज आहे.